स्टोरेज ड्राइव्ह संगणकाला दिसत नसेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे हार्ड डिस्क (फिरत्या तबकडीवर डेटा ठेवणारी), साटा केबलने जोडायची एसएसडी (चिपमध्ये डेटा ठेवणारी), मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारी एम.2 एसएसडी आणि यूएसबीने जोडायचे बाह्य ड्राइव्ह या सर्वांसाठी आहेत. जिथे प्रकारानुसार फरक पडतो, तिथे तो स्वतंत्रपणे सांगितला आहे. विंडोजचा उल्लेख अधिक वेळा येतो, परंतु तपासणीचा क्रम कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टिमवर तोच राहतो.

'ड्राइव्ह दिसत नाही' एवढ्यावरून बिघाड कळतो का?

कळत नाही, आणि दुरुस्तीतला बराचसा वेळ नेमका याच कारणाने वाया जातो. संगणकाला ड्राइव्ह तीन टप्प्यांवर दिसत असतो. पहिला टप्पा मदरबोर्डच्या फर्मवेअरचा (उपकरणातच बसवलेल्या सॉफ्टवेअरचा), म्हणजे बायोस किंवा यूईएफआयचा आहे. ड्राइव्हला वीज मिळत असेल, जोडणी नीट असेल आणि त्याचा कंट्रोलर (ड्राइव्हचे काम चालवणारी चिप) जिवंत असेल, तर त्याचे मॉडेल नाव इथे उमटते. दुसरा टप्पा ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे. योग्य ड्रायव्हर (उपकरण चालवण्यासाठी लागणारे छोटे सॉफ्टवेअर) उपलब्ध असेल, तर तोच ड्राइव्ह विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'डिस्क 0', 'डिस्क 1' अशा क्रमांकाने दिसतो. तिसरा टप्पा पार्टिशन (ड्राइव्हवर आखलेला विभाग) आणि फाइल सिस्टिम (फाइली कुठे आहेत याची नोंद ठेवणारी रचना) यांचा आहे. तोही सुरळीत असेल आणि ड्राइव्हला अक्षर मिळालेले असेल, तरच तो फाइल एक्सप्लोररमध्ये डी किंवा ई या नावाने येतो.

म्हणून सर्वप्रथम ड्राइव्ह कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचतो आणि कुठून पुढे जात नाही, हे पाहावे. बायोसमध्ये नाव स्वच्छ दिसत असताना केबली बदलत बसण्यात अर्थ नाही, आणि बायोसमध्ये नावच नसताना पार्टिशन दुरुस्त करणारी सॉफ्टवेअरे उतरवून घेण्यातही नाही. अपवाद दोन आहेत: यूएसबी ड्राइव्ह आणि रेड (RAID) कार्डाला, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र चालवणाऱ्या कार्डाला, जोडलेले ड्राइव्ह सगळ्याच बायोसच्या यादीत येतात असे नाही, त्यामुळे तिथे नाव नसणे हा पुरावा मानू नये.

ड्राइव्हमध्ये महत्त्वाच्या फाइली आहेत. तपासणीपूर्वी काय टाळावे?

लिहिण्याची कोणतीही क्रिया टाळावी. फॉरमॅट, इनिशियलाइझ (ड्राइव्हवर पार्टिशनची नोंद नव्याने मांडणे), नवीन पार्टिशन तयार करणे आणि चेकडिस्क या विंडोजच्या साधनाने दुरुस्ती करणे या चारही गोष्टी ड्राइव्हवर काहीतरी लिहितात. चेकडिस्कचे नाव या यादीत पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण ते दुरुस्तीचे साधन म्हणून ओळखले जाते. परंतु त्याचे काम फाइल सिस्टिम सुसंगत करणे हे आहे, आपल्या फाइली वाचवणे हे नाही, आणि सुसंगतीसाठी ते तुटलेल्या नोंदी बिनदिक्कत काढून टाकू शकते. मरणासन्न डिस्कवर ते तासन्‌तास चालवल्याने उरलेसुरले हेडही (तबकडीवरून डेटा वाचणारा भाग) निकामी होऊ शकते.

डेटा महत्त्वाचा नसेल, तर पुढील उपाय मोकळेपणाने करून पाहावेत. डेटा महत्त्वाचा असेल, तर प्रत्येक पायरीवर 'यात ड्राइव्हवर काही लिहिले जाते का' हा प्रश्न स्वतःला विचारावा. केबल बदलणे आणि बायोस पाहणे यात काही लिहिले जात नाही, दुसऱ्या संगणकावर जोडण्यात फारच थोडे, म्हणून या पायऱ्या आधी येतात. मात्र दुसऱ्या संगणकाने फॉरमॅट करण्याची सूचना दाखवली, तर ती रद्द करावी.

बायोसमध्ये जाऊन नेमके काय पाहायचे?

संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ2 हे बटण वारंवार दाबावे. लॅपटॉपवर कंपनीनुसार एफ1, एफ10 किंवा एस्केप असू शकते. विंडोज फार वेगाने सुरू होत असेल, तर शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' निवडावे आणि ट्रबलशूटच्या प्रगत पर्यायांतून यूईएफआय सेटिंग्जमध्ये जावे.

आत गेल्यावर 'स्टोरेज', 'साटा कॉन्फिगरेशन' किंवा 'एनव्हीएमई कॉन्फिगरेशन' या पानावर पाहावे. केवळ बूटच्या यादीत शोधू नये, कारण ज्या ड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टिम नाही तो त्या यादीत येईलच असे नाही. नाव दिसले तरी मॉडेल आणि क्षमता दोन्ही बरोबर आहेत का, हे पाहावे. एक टेराबाइटचा ड्राइव्ह काही मेगाबाइटचा दिसत असेल, तर तो 'दिसतो आहे' असे म्हणणे चुकीचे ठरेल. ज्या पोर्टला ड्राइव्ह जोडला आहे, ते पोर्ट 'डिसेबल्ड' नाही ना, हेही त्याच पानावर कळते.

साटा ड्राइव्ह बायोसमध्येही दिसत नाही. सुरुवात कुठून करावी?

केबलपासून. संगणक बंद करून भिंतीवरचा प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. साटा ड्राइव्हला दोन जोडण्या असतात: 7 पिनांची अरुंद डेटाची आणि 15 पिनांची रुंद विजेची. दोन्ही पूर्ण काढून पुन्हा बसवाव्यात. नुसत्या दाबून पाहणे पुरेसे नसते.

काढलेली जोडणी उजेडात धरून पाहावी. ड्राइव्हच्या बाजूला इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची प्लॅस्टिकची पातळ जीभ असते आणि तिच्यावर सोनेरी पट्ट्या ओळीने बसवलेल्या असतात. केबल तिरकी ओढली गेली की ही जीभ मुळाशी तडकते. पट्ट्या जागेवर राहतात, त्यामुळे वरवर सारे ठीक दिसते, परंतु आधार गेल्याने त्या केबलच्या आतल्या संपर्काला टेकत नाहीत. जीभ तुटून केबलच्या टोकात अडकून बसल्याचेही आढळते. कित्येकदा 'मृत' ठरवलेल्या डिस्कचा सारा आजार एवढाच असतो.

त्यानंतर डेटा केबल बदलून पाहावी. साटा केबलची कमाल लांबी 1 मीटर ठरवलेली आहे. टोकाशी काटकोनात दुमडलेल्या केबली लवकर खराब होतात. मग मदरबोर्डवरचे पोर्ट बदलावे, त्यानंतर विजेची जोडणी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर ड्राइव्ह सुरू झाला तरी दोष कशात होता ते कळत नाही आणि खराब केबल पुन्हा खणात जाऊन बसते.

हार्ड डिस्क असेल, तर संगणक सुरू करताना तिच्या कडेला बोटाचे टोक हलकेच टेकवावे. वीज मिळत असेल तर सुरुवातीला बारीक थरथर आणि वाढत जाणारी घरघर जाणवते. काहीच जाणवले नाही तर प्रश्न विजेचा, मोटरचा किंवा सर्किट बोर्डाचा आहे. डेटा केबलचा नक्कीच नाही.

पॉवर सप्लायसाठी दुसऱ्या कंपनीची केबल वापरली तर चालते का?

अजिबात नाही. मॉड्युलर (केबली काढता-लावता येणाऱ्या) पॉवर सप्लायच्या केबलीचे ड्राइव्हकडचे टोक प्रमाणित असते, परंतु सप्लायकडच्या टोकाची पिनरचना प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. केबल खटकन बसते, पण 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट पोहोचतात आणि ड्राइव्ह पहिल्याच क्षणी जळतो. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही रचना वेगळी असू शकते. या पानावरील सर्व प्रश्नांत कायमचे नुकसान करणारी सर्वांत सोपी चूक हीच आहे.

बाह्य ड्राइव्हच्या पेटीतून काढलेली हार्ड डिस्क संगणकात बसवली, तर ती फिरतच नाही. ती खराब आहे का?

बहुधा नाही. साटाच्या 3.3 आवृत्तीत विजेच्या जोडणीतील तिसऱ्या पिनला नवे काम देण्यात आले: तिथे 3.3 व्होल्ट असेल, तर ड्राइव्हने बंद राहायचे. सर्व्हरमधल्या अडकलेल्या डिस्क दुरून बंद करून पुन्हा सुरू करता याव्यात, हा त्यामागचा हेतू होता. परंतु जुन्या पद्धतीचे पॉवर सप्लाय त्याच पिनवर कायम 3.3 व्होल्ट देतात, त्यामुळे अशी डिस्क आज्ञाधारकपणे झोपून राहते.

उपाय दोन आहेत. चार पिनांच्या मोलेक्स जोडणीतून साटा वीज देणारा ॲडाप्टर वापरावा, कारण मोलेक्समध्ये 3.3 व्होल्टची तार नसते; किंवा तिसऱ्या पिनवर उष्णतारोधक कॅप्टन टेपचा बारीक तुकडा चिकटवावा. ॲडाप्टर घेताना एकसंध साच्यात ओतलेला प्रकार टाळावा, कारण आतल्या तारा एकमेकींना टेकून आग लागण्याचा धोका त्यात अधिक असतो.

नवीन एम.2 एसएसडी बसवली, पण बायोसला ती दिसत नाही. काय चुकले असेल?

एम.2 हे केवळ जोडणीच्या आकाराचे नाव आहे, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. त्या आकारात दोन वेगळ्या भाषा बोलणाऱ्या एसएसडी मिळतात: एक साटाची आणि दुसरी पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी एनव्हीएमईची. काही स्लॉट दोन्ही स्वीकारतात, काही फक्त साटा, तर काही फक्त एनव्हीएमई. साटाच्या एसएसडीला सहसा दोन खाचा असतात आणि एनव्हीएमईच्या एसएसडीला एक. परंतु दोन खाचांची एनव्हीएमई एसएसडीही असते, म्हणून खाचांवरून अंदाज बांधण्यापेक्षा एसएसडीचे मॉडेल आणि मदरबोर्डची पुस्तिका ताडून पाहावी. जी एसएसडी स्लॉटमध्ये बसते ती चालेलच, असा या जोडणीचा नियम नाही.

प्रकार जुळत असेल, तर बसवण्याची रीत तपासावी. एसएसडी तिरकी धरून सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत आत सरकवायची, मग खाली दाबून टोकाशी स्क्रू लावायचा असतो. ती अर्धवट सरकवून थेट स्क्रू आवळला, तर एक कड उचललेली राहते. स्क्रूखालची उंचवटा देणारी पितळी खिट्टी योग्य छिद्रात हवी. 2280 या आकाराचा अर्थ रुंदी 22 आणि लांबी 80 मिलिमीटर असा आहे, आणि मदरबोर्डवर 2242, 2260, 22110 साठीही छिद्रे असू शकतात. चुकीच्या जागी राहिलेली खिट्टी एसएसडीला मधोमध वाकवते.

जुन्या मदरबोर्डांचा प्रश्न वेगळा आहे. ॲडाप्टर कार्डातून एनव्हीएमई एसएसडी बसवता येते आणि विंडोज सुरू झाल्यावर ती नीट चालतेही, परंतु फर्मवेअरला एनव्हीएमई समजत नसल्याने तिच्यावरून संगणक सुरू होत नाही. बायोसची नवी आवृत्ती उपलब्ध असेल, तरच सहसा यातून मार्ग निघतो.

एम.2 एसएसडी बसवल्यापासून आधीची हार्ड डिस्क गायब झाली आहे. हा योगायोग आहे का?

योगायोग नाही. अनेक मदरबोर्डांवर एम.2 स्लॉट आणि काही साटा पोर्टे एकाच वाहिन्या वाटून घेतात. स्लॉट भरला की ती पोर्टे आपोआप बंद होतात. कोणती, ते पुस्तिकेच्या एम.2 विभागात बारीक अक्षरात छापलेले असते. डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला लावली की काम होते.

विंडोज इन्स्टॉल करताना 'ड्राइव्ह सापडला नाही' असे येते, पण बायोसमध्ये तो दिसतो. असे का?

हा दुसऱ्या टप्प्यावरचा, म्हणजे ड्रायव्हरचा प्रश्न आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक संगणकांत, विशेषतः लॅपटॉपमध्ये, व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते. तीत एनव्हीएमई एसएसडी थेट दिसत नाही, ती इंटेलच्या कंट्रोलरच्या आड जाते, आणि त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसेल तर यादी रिकामी राहते. एसएसडी, केबल आणि पेन ड्राइव्ह या सर्वांवर संशय घेऊन झाल्यावर लोक इथवर येतात.

लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेलच्या रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर घ्यावा, तो उलगडून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि ड्राइव्ह निवडण्याच्या पानावर 'लोड ड्रायव्हर' वापरून दाखवावा. दुसरा मार्ग बायोसमध्ये व्हीएमडी बंद करण्याचा आहे. संगणकात आधीची विंडोज नसेल किंवा ती पुसायचीच असेल, तर हा मार्ग निर्धोक आहे. परंतु चालू विंडोज ठेवून व्हीएमडी बंद केले, तर पुढच्या वेळी 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' ही निळी पाटी येण्याची दाट शक्यता असते. सेटिंग पूर्ववत केले की ती जाते. बिटलॉकर (विंडोजची ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी 48 अंकी रिकव्हरी की जवळ असल्याची खात्री करावी.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्ह दिसतो, पण फाइल एक्सप्लोररमध्ये नाही. तिथल्या शब्दांचे अर्थ काय?

विंडोज आणि एक्स ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. ड्राइव्हच्या पट्टीवर निळी रेघ असेल, 'हेल्दी' लिहिलेले असेल आणि फक्त अक्षर नसेल, तर उजवी क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' मधून अक्षर द्यावे. डेटा जसाच्या तसा राहतो. नेटवर्कवरच्या फोल्डरला आधीच तेच अक्षर दिलेले असल्यानेही ड्राइव्ह दडून राहू शकतो.

'अनअलोकेटेड' आणि काळी पट्टी म्हणजे पार्टिशन नाही. ड्राइव्ह कोरा असेल तर हे अपेक्षितच आहे, आणि नवीन सिंपल व्हॉल्यूम तयार करून काम पुढे न्यावे. त्यात कालपर्यंत फाइली होत्या, तर पार्टिशनची नोंद हरवली आहे असे समजून तिथेच थांबावे. 'नॉट इनिशियलाइझ्ड' चेही तसेच: नव्या ड्राइव्हला जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) निवडून इनिशियलाइझ करावे, जुन्याला करू नये. जुना ड्राइव्ह 'नॉट इनिशियलाइझ्ड' दिसतो आणि क्षमताही दाखवत नाही, तेव्हा बहुधा त्याचे पहिले सेक्टरच (डेटा ठेवण्याचे छोटे कप्पे) वाचता येत नसतात आणि प्रश्न पुन्हा हार्डवेअरकडे जातो.

ड्राइव्ह लिनक्स किंवा मॅकवर वापरलेला असेल, तर काहीही बिघडलेले नसते. ईएक्सटी4 आणि एपीएफएस या फाइल सिस्टिम विंडोजला वाचता येत नाहीत. तो ड्राइव्ह मूळ संगणकावर जोडला की फाइली समोर येतात.

'वापरण्यापूर्वी ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागेल' अशी सूचना येते आणि फाइल सिस्टिम 'रॉ' दिसते. होय म्हणावे का?

म्हणू नये. 'रॉ' चा अर्थ एवढाच की विंडोजला त्या जागेवर ओळखीची फाइल सिस्टिम सापडली नाही. फाइली बहुतेकदा जागेवर असतात, फक्त त्यांच्यापर्यंत नेणारी नोंद फाटलेली असते. ड्राइव्ह काम करत असताना 'इजेक्ट' न करता ओढून घेणे, मध्येच वीज जाणे किंवा सेक्टर खराब होणे, ही नेहमीची कारणे आहेत.

डेटा हवा असेल तर आधी संपूर्ण ड्राइव्हची सेक्टरनिहाय प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या ड्राइव्हवर घ्यावी. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे साधन यासाठीच आहे: ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारे सेक्टर मागे ठेवते आणि काम मध्येच थांबले तरी नोंदवहीवरून पुढे सुरू करते. त्यानंतरचे सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. पार्टिशनची नोंद परत मिळवण्यासाठी टेस्टडिस्क आणि फाइली त्यांच्या रचनेवरून शोधण्यासाठी फोटोरेक, ही दोन्ही मोफत साधने आहेत. फोटोरेकने मिळालेल्या फाइलींची मूळ नावे आणि फोल्डर मात्र सहसा परत येत नाहीत.

ड्राइव्हची हुबेहूब प्रत केली, आता दुसरा ड्राइव्ह 'ऑफलाइन' दिसतो.

दोन्ही ड्राइव्हची ओळखसंख्या एकच झाली आहे, म्हणून विंडोजने एकाला बाजूला ठेवले आहे. उजवी क्लिक करून 'ऑनलाइन' केले की विंडोज त्याला नवी ओळखसंख्या देते. त्या प्रतीवरूनच पुढे संगणक सुरू करायचा असेल, तर असे न करता मूळ ड्राइव्ह काढून प्रत एकटीच जोडावी.

ड्राइव्ह दिसतो, पण क्षमता कमी दिसते. हा बिघाड आहे का?

एक टेराबाइटच्या ड्राइव्हची 931 गीगाबाइट दिसत असतील, तर नाही. कंपनी 1000 च्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या.

चार टेराबाइटच्या ड्राइव्हपैकी दोनच वापरता येत असतील, तर तो एमबीआर या जुन्या पद्धतीने इनिशियलाइझ झालेला आहे. 512 बाइटच्या सेक्टरांवर एमबीआरची धाव 2 टेराबाइटच्या थोडी पुढे संपते. यावर जीपीटी हा उपाय आहे, पण डिस्क मॅनेजमेंटमधून बदल करताना आधीची पार्टिशने पुसावी लागतात. तीन टेराबाइटची डिस्क 746 गीगाबाइट दिसत असेल, तर जुनी यूएसबी पेटी किंवा जुना ड्रायव्हर मोठे आकडे मोजू शकत नाही आणि 2 टेराबाइट गळून उरलेले दाखवतो, असे समजावे. अशा जोडणीवर काहीही लिहू नये.

यूएसबी ड्राइव्हचा दिवा लागतो, पण संगणकाला तो दिसत नाही.

दिवा फक्त वीज पोहोचल्याचे सांगतो, ती पुरेशी आहे असे सांगत नाही. यूएसबी 2.0 चे पोर्ट 500 मिलिॲम्पियर देण्यास बांधील असते आणि 3.0 चे 900. अडीच इंची हार्ड डिस्कला तबकडी फिरवण्याच्या पहिल्या क्षणी याहून जास्त लागू शकते. मग ती फिरू पाहते, थांबते, पुन्हा फिरू पाहते. हब, मॉनिटरवरची पोर्टे आणि कॅबिनेटच्या पुढची पोर्टे टाळून मदरबोर्डच्या मागच्या पोर्टला थेट जोडावी. साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात, त्यामुळे तिला स्वतःचा ॲडाप्टर लागतोच, आणि अनेकदा तो ॲडाप्टरच निकामी झालेला असतो.

केबल बदलताना ती डेटाची आहे याची खात्री करावी. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. दिवा लागतो आणि पुढे काहीच होत नाही.

यूएसबी पेटी बिघडली असेल, तर आतली डिस्क काढून थेट जोडता येते का?

पेटीत सामान्य साटा डिस्क असेल तर येते, आणि हा उपाय पुष्कळदा यशस्वी होतो. अडचण दोन ठिकाणी येते. अडीच इंची कित्येक बाह्य ड्राइव्हमध्ये यूएसबीची जोडणी डिस्कच्या सर्किट बोर्डावरच असते, तिथे साटाचे टोक मिळतच नाही. आणि काही पेट्यांतील चिप लिहिला जाणारा सर्व डेटा स्वतःच कूटबद्ध करते, आपण पासवर्ड ठेवला नसला तरीही. अशी डिस्क थेट जोडली की 'रॉ' किंवा कोरी भासते. तेव्हा तीच चिप असलेली पेटी शोधावी लागते.

मॅक आणि लिनक्सवर कुठे पाहावे?

मॅकवर डिस्क युटिलिटी उघडून 'व्ह्यू' मधून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडावे, नाहीतर फक्त व्हॉल्यूम दिसतात आणि मूळ ड्राइव्ह दडतो. फाइंडरच्या सेटिंगमध्ये बाह्य डिस्क दाखवण्याची खूणही पाहावी. ॲपल सिलिकॉनच्या लॅपटॉपवर व्हेंचुरा या आवृत्तीपासून नवीन उपकरणाला परवानगी विचारली जाते; ती नाकारली गेली असेल तर ड्राइव्हला वीज मिळते, डेटा जात नाही.

लिनक्सवर एलएसबीएलके आज्ञा सर्व ड्राइव्हची यादी देते. ड्राइव्ह जोडल्यावर लगेच डीमेसग या सिस्टिमचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेचा शेवटचा भाग वाचावा. तिथे ड्राइव्हशी झालेला सारा संवाद ओळीने नोंदवलेला असतो, आणि निदानासाठी यापेक्षा स्पष्टवक्ते साधन विंडोजमध्ये सहज मिळत नाही.

ड्राइव्ह कधी दिसतो, कधी नाहीसा होतो. हे कशाचे लक्षण आहे?

डेटाची प्रत ताबडतोब घ्यावी, कारण तपासण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल यांपैकी एका साधनाने स्मार्ट नोंदी (ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवतो त्या नोंदी) वाचाव्यात. 'स्थिती चांगली' या एका शब्दावर विसंबू नये. साटा ड्राइव्हच्या चार नोंदी स्वतः पाहाव्यात. क्रमांक 5 म्हणजे बदललेले सेक्टर, 197 म्हणजे वाचताना अडणारे आणि निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, 198 म्हणजे दुरुस्त न होणारे. हे आकडे वाढत असतील तर ड्राइव्ह उताराला लागला आहे.

चौथी नोंद 199 ही संगणक आणि ड्राइव्ह यांच्यातील दळणवळणात झालेल्या चुकांची आहे. ती वाढत असेल आणि बाकीच्या तीन शून्य असतील, तर ड्राइव्ह निर्दोष असून केबल किंवा पोर्ट खराब असण्याचीच शक्यता जास्त. केबल बदलल्यावर हा आकडा शून्य होत नाही, तो फक्त वाढायचा थांबतो. म्हणून आधीचा आकडा लिहून ठेवावा.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतो. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय खरा आहे का?

करू नये. लयबद्ध टकटक म्हणजे हेडला तबकडीवरील मार्गखुणा वाचता येत नाहीत आणि ते पुन्हापुन्हा मूळ जागी परत येत आहे. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते; फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कच्या आत साचलेला दवाचा थर त्यापुढे डोंगराएवढा असतो. झाकण उघडून पाहणेही याच कारणाने वर्ज्य आहे. सारख्या मॉडेलचा सर्किट बोर्ड लावण्याचा जुना उपायही आता सहसा चालत नाही, कारण त्या विशिष्ट डिस्कच्या हेडांची मोजमापे मूळ बोर्डावरील चिपमध्ये असतात आणि ती चिप किंवा तिचा मजकूर नव्या बोर्डावर न्यावा लागतो. वीज बंद करावी आणि डिस्क पुन्हा सुरू करू नये.

कालपर्यंत नीट चालणारी एसएसडी आज अचानक दिसेनाशी झाली. आधी काहीच लक्षण कसे नव्हते?

एसएसडीत फिरणारे भाग नसल्याने ती आवाजाने सूचना देत नाही, आणि तिचा बिघाड बरेचदा मेमरीत नव्हे तर कंट्रोलरमध्ये किंवा फर्मवेअरमध्ये असतो. याची नोंदलेली उदाहरणे बोलकी आहेत. 2011 मध्ये इंटेलच्या 320 मालिकेतील काही एसएसडी अचानक वीज गेल्यावर फक्त 8 मेगाबाइट क्षमता दाखवू लागल्या. क्रुशियलची एम4 ही एसएसडी 5184 तास चालून झाल्यावर प्रतिसाद देईनाशी होई, आणि 2012 च्या जानेवारीत त्यावर फर्मवेअर आले. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपी एंटरप्राइझने आपल्या काही सर्व्हर एसएसडी 32,768 तासांनंतर, म्हणजे 3 वर्षे 270 दिवस 8 तासांनंतर, डेटासह निकामी होतील असा इशारा दिला. 32,768 हा 2 चा पंधरावा घात आहे, यातच दोषाचे स्वरूप कळते. हार्ड डिस्कही यातून सुटलेल्या नाहीत: सीगेटच्या 7200.11 मालिकेतील काही डिस्क 2009 च्या सुमारास फर्मवेअरमधील दोषामुळे बायोसमधून नाहीशा होत, आणि आतला डेटा मात्र शाबूत असे.

घरी करण्याजोगी एक गोष्ट आहे. साटा एसएसडीची डेटा केबल काढून फक्त वीज चालू ठेवावी आणि तिला वीस ते तीस मिनिटे तशीच सोडावी. नंतर अर्धा मिनिट वीज तोडून हेच पुन्हा करावे. वीज अचानक गेल्याने आतील नोंदपत्रक विस्कटले असेल, तर काही कंट्रोलर या वेळात ते पुन्हा मांडतात. ड्राइव्ह परत आलाच, तर आधी डेटा काढावा आणि नंतर फर्मवेअर अद्ययावत करावे, हा क्रम उलटू नये. एसएसडी आपल्या नावाऐवजी कंट्रोलरचे कारखान्यातील नाव सांगत असेल, उदाहरणार्थ 'साटाफर्म एस11', तर तिचे फर्मवेअर कोसळले आहे आणि हा उपाय बहुधा पुरणार नाही.

ड्राइव्ह बायोसमध्ये दिसतो, तरी 'बूट करण्याजोगे उपकरण नाही' असे येते.

हा न दिसण्याचा प्रश्न नाही. बूटचा क्रम पाहावा, पेन ड्राइव्ह काढून पाहावा, आणि विंडोज यूईएफआय पद्धतीने बसवलेली असताना बायोस लीगसी (जुन्या) पद्धतीवर गेलेले नाही ना, ते तपासावे. मदरबोर्डवरील बटणसेल संपला की सेटिंग मूळपदावर जातात आणि हा बदल आपल्या नकळत होतो. घड्याळ मागे पडलेले दिसले तर सेल बदलावा.

वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळतो, मग डेटा रिकव्हरीकडे कधी जावे?

वॉरंटी ड्राइव्हची असते, डेटाची नाही. कंपनी दुसरा ड्राइव्ह देते आणि जुना ठेवून घेते, त्यामुळे डेटा हवा असेल तर रिकव्हरी आधी आणि वॉरंटी नंतर. काही कंपन्या रिकव्हरी प्रयोगशाळेने उघडलेल्या ड्राइव्हची वॉरंटी लेखी दाखला पाहून मान्य करतात, म्हणून उघडण्यापूर्वीच कंपनीला विचारून घ्यावे.

हार्ड डिस्क टकटक आवाज करते, वीज नीट पोहोचत असूनही फिरत नाही, पडलेली आहे किंवा पाण्यात भिजलेली आहे, या चार प्रसंगी घरचे प्रयोग न करता थेट प्रयोगशाळेकडे जावे; भिजलेली डिस्क वाळवून सुरू करून पाहू नये. एसएसडीतून चुकून पुसलेल्या फाइलींसाठी मात्र फार आशा ठेवू नये, कारण ट्रिम चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिम रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवते आणि कंट्रोलर ती सवडीने खरोखरच पुसून टाकतो. प्रयोगशाळेला ड्राइव्ह देताना काय घडले, त्यानंतर कोणती साधने चालवली आणि कोणते फोल्डर सर्वांत आधी हवेत, हे कागदावर लिहून द्यावे. हेड कमकुवत असेल तर तंत्रज्ञ त्याच क्रमाने वाचन करतात.